किट बसवलेली सायकल आणि पावसाळा

साध्या सायकलला मोटरचे किट बसवले की ती विजेवर धावू लागते. पावसाचा विचार मात्र तिच्या रचनेत कुठेच झालेला नसतो. विजेची सायकल म्हणूनच कारखान्यातून निघालेल्या चांगल्या गाडीत तारा सांगाड्याच्या नळ्यांमधून जातात आणि कंट्रोलर बंद कप्प्यात असतो. किटच्या सायकलीत मोटर चाकाच्या हबमध्ये, बॅटरी पुढच्या तिरप्या नळीवर, कंट्रोलर सीटखाली किंवा कॅरिअरवर, थ्रॉटल हँडलला आणि पॅडलचा सेन्सर पायाशी असतो. या सगळ्यांना जोडणाऱ्या तारा उघड्यावरून जातात. त्यांचा प्रत्येक जोड ही पाण्याला मिळालेली एक वाट असते.

पावसात शॉक बसेल का, ही शंका बहुतेकांच्या मनात आधी येते. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ व्होल्ट दाखवते, ४८ व्होल्टची सुमारे ५४.६. हा एकदिश प्रवाह कमी दाबाचा असल्यामुळे चांगल्या स्थितीतल्या सायकलीवर भिजलेल्या स्वाराला त्यापासून सहसा इजा होत नाही. खरा धोका चार्जरच्या त्या टोकाला, घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगपाशी असतो. आडवा पाऊस येणाऱ्या गॅलरीत किंवा सोसायटीच्या ओल्या पार्किंगमध्ये ओढलेल्या वायरवर चार्जिंग करणे हे भर पावसात सायकल चालवण्यापेक्षा कितीतरी जोखमीचे आहे.

सायकलीच्या विजेच्या भागांना वरून पडणाऱ्या पावसाइतकाच, किंबहुना जास्त, त्रास खालून उडणाऱ्या पाण्याचा होतो. पुढचे चाक रस्त्यावरचे पाणी उचलते आणि चिखल, वाळू, तेल यांसकट ते तिरप्या नळीवर आणि पॅडलच्या बैठकीवर फेकते. बॅटरीचा तळ, तिची संपर्कपाती आणि पॅडलचा सेन्सर नेमके तिथेच असतात. त्यामुळे पुढच्या चाकाला पूर्ण लांबीचा मडगार्ड आणि त्याखाली जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबणारा रबरी फ्लॅप हा या सायकलीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी रेनकोट ठरतो. हौशी सायकलींना मडगार्ड नसतो. दिसायला ते छान असते, जुलैत नाही.

जोडांमध्ये शिरलेले पाणी लगेच काही बिघडवत नाही, म्हणूनच ते फसवते. धन आणि ऋण टोकांमध्ये ओलावा राहिला की अगदी बारीक प्रवाह वाहत राहतो आणि विद्युतविच्छेदनाने धन टोकाचे तांबे झिजते. काही आठवड्यांनी तिथे हिरवट थर दिसतो, जोड तापू लागतो आणि मोटर मधेच बंद पडते. हे काम सायकल उभी असतानाही चालूच असते. घरी आल्यावर बॅटरी काढून ठेवली तर ते जागच्या जागी थांबते. साध्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरपेक्षा रबरी कड असलेले गोल कनेक्टर या कामी फार चांगले. ते जुळवताना दोन्हीकडचे बाण समोरासमोर आणावे लागतात, नाहीतर आतल्या पिना वाकतात. उरलेल्या जोडांना सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळता येते. हार्डवेअरच्या दुकानातले व्हिनेगरसारख्या वासाचे सिलिकॉन सीलंट इथे वापरू नये. सुकताना त्यातून अॅसिटिक आम्ल सुटते आणि ते तांबे खाते.

तारेची ठेवणही महत्त्वाची. कंट्रोलरमध्ये किंवा कनेक्टरमध्ये शिरण्याआधी तार थोडी खाली झोळासारखी सोडली, तर तिच्यावरून ओघळणारे पाणी सर्वांत खालच्या बिंदूशी पागोळीसारखे गळून जाते. कंट्रोलर बसवताना त्याचे तारांचे तोंड खाली हवे. पुष्कळ जण त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतात. पावसाळ्यातली दमट हवाही त्याच पिशवीत कोंडली जाते, कंट्रोलर तापतो, थंड झाल्यावर आत दव जमते आणि ते बाहेर पडायला जागा उरत नाही. वरून झाकलेले आणि खालून उघडे आवरण त्यापेक्षा बरे.

हबमधल्या मोटरचेही तसेच आहे. चढावर तापलेली मोटर थंड पाण्याच्या डबक्यातून गेली की आतली हवा आकसते, दाब कमी होतो आणि बेअरिंगच्या कडेने किंवा आसातून तार जिथे बाहेर येते त्या भोकातून पाणी आत ओढले जाते. आत लोखंडी पत्र्यांचा गाभा असतो, चुंबके असतात आणि चाकाची स्थिती कंट्रोलरला कळवणारे तीन हॉल सेन्सर असतात. सेन्सरच्या बारीक तारांत ओल शिरली की मोटर धक्के देत, गुरगुरत चालते. अशा वेळी बहुधा मोटर जळालेली नसते, नुसती ओली असते. बाजूचे झाकण उघडून ती पूर्ण वाळवली तर अनेकदा पूर्ववत होते. मात्र ओल तशीच राहिली तर गंज धरतो, आणि किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत तो फार लवकर धरतो.

थ्रॉटलमधला बिघाड सर्वांत भीतिदायक. त्यातही हॉल सेन्सरच असतो आणि हाताच्या पिळ्यानुसार तो साधारण एक व्होल्टपासून चार व्होल्टच्या आसपासचा इशारा देतो. पाच व्होल्टची तार आणि इशाऱ्याची तार यांच्यात पाण्याने दुवा साधला, तर पिळा न देताच मोटर चालू होऊ शकते. म्हणून ब्रेक दाबताक्षणी मोटरचा प्रवाह तोडणारे लिव्हर किटसोबत आले असतील, तर ते जोडायचा कंटाळा करू नये.

किटच्या खोक्यावर छापलेला आयपी क्रमांकही नीट वाचावा लागतो. त्यातला दुसरा अंक पाण्याबद्दलचा. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव, ५ म्हणजे पाण्याच्या झोतापासून, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवण्याची चाचणी. ही चाचणी नव्या वस्तूवर होते. दोन वर्षे उन्हात कडक झालेल्या रबराबद्दल ती काही सांगत नाही. शिवाय मोटरला मिळालेला क्रमांक तिच्या कनेक्टरला लागू होतोच असे नाही. गाडी धुण्याच्या केंद्रावरचा जोरदार फवारा तर पावसापेक्षाही वाईट, कारण तो पाणी सीलच्या आत ढकलतो. अशी सायकल ओल्या फडक्याने पुसावी.

एवढे सगळे सांभाळले तरी स्वाराला इजा होते ती बहुधा ब्रेकमुळे आणि रस्त्यामुळे. ताशी १५ किलोमीटरने चालणारी सायकल २५ ने धावू लागली की ब्रेकला थोपवावी लागणारी गतिज ऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक होते. किटचे सहा-सात किलो वजन त्यावर. रिमवर घासणारे ब्रेक पावसात आधी पाण्याचा थर पुसतात आणि मगच पकड घेतात. अॅल्युमिनियमच्या रिमवर हे निभावते, जुन्या सायकलींच्या चकचकीत स्टीलच्या रिमवर मात्र ओला ब्रेक जवळजवळ नावापुरता उरतो. अशा सायकलीला किट बसवून पावसात चालवणे शहाणपणाचे नाही. डिस्क ब्रेक असल्यास उत्तम, नसल्यास थांबण्याच्या बरेच आधी ब्रेक हलके दाबून रिम कोरडी करून घ्यावी. गिअर नसलेल्या मोठ्या हब मोटरमध्ये, कंट्रोलर साथ देत असेल तर, मोटरच ब्रेकचे काम करते आणि तिला रिम ओली की कोरडी याने फरक पडत नाही.

मोटर पुढच्या चाकात असेल तर ओल्या रस्त्यावर जपून निघावे लागते. जोर मिळताच ते चाक जागच्या जागी फिरू शकते, आणि पुढचे चाक घसरले की तोल सावरणे कठीण. पॅडलचा सेन्सर पाय थांबल्यानंतरही क्षणभर मोटर चालू ठेवतो, म्हणून वळणाआधीच सहाय्याची पातळी कमी करावी.

टायरच्या नक्षीची चिंता मात्र फुकाची. विमानांच्या टायरसाठी मांडलेले जलतरंगणाचे सूत्र लावले तर ५० पीएसआय हवेचा टायर पाण्यावर तरंगायला ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेग लागतो. सायकल घसरते ती पहिल्या पावसात वर आलेल्या तेलावर, झेब्रा पट्ट्यांच्या रंगावर, मॅनहोलच्या झाकणांवर, शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर आणि तिरपे ओलांडलेल्या रेल्वे रुळांवर. टायरमधली हवा किंचित कमी ठेवली तर पकड सुधारते.

साचलेल्या पाण्यात हबची उंची हीच मर्यादा. २६ इंची चाकाचा आस जमिनीपासून सुमारे ३३ सेंटिमीटरवर असतो, पण मोटरचे कवच त्याच्या बरेच खाली उतरलेले असते. पाणी गुडघ्याच्या अर्ध्याहून वर असेल तर उतरून सायकल ढकलत नेणे किंवा वाट बदलणे बरे. गढूळ पाण्याखालचा खड्डा दिसत नाही हे त्याचे दुसरे कारण.

बॅटरी भिजली तर ती पुसून, संपर्कपाती कोरडी करून, खोलीच्या तापमानाला काही तास ठेवावी आणि मगच चार्जरला लावावी. बुडालेल्या बॅटरीचा प्रश्न वेगळा. तांदळाच्या डब्यात ठेवून ती बरी होत नाही. आत अनेक सेल आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे सर्किट असते, त्यावरचा ओलावा हळूहळू शॉर्ट घडवतो आणि आग काही दिवसांनीही लागू शकते. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन चक्रीवादळाचे खारे पाणी शिरलेल्या काही विद्युत मोटारी पूर ओसरल्यानंतर पेटल्या होत्या. खाडीच्या किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा चार्ज न करता घराबाहेर, मोकळ्या आणि आडोशाच्या जागी, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी. नंतर ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी, भंगारवाल्याकडे नाही.