किराळ आणि करणी

धडधाकट जनावर संध्याकाळीं गोठ्यांत मरून पडलें, म्हणजे खेड्यांत कारण शोधावयास वेळ लागत नाहीं. नजर, देवीचा कोप किंवा करणी, यांपैकीं कांहींतरी एक हाताशीं असतेंच. या समजुतींना हंसणें सोपें आहे. परंतु त्यांचें मोल कोणास तरी द्यावें लागतें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

सन १९८७ च्या अवर्षणांत आम्ही मराठवाड्यांतील एका खेड्यांत शिक्षक होतों. पावसानें ओढ दिल्यामुळें ज्वारी हातभर वाढून खुंटली होती. एका शेतकऱ्याची बैलजोडी दावीं तोडून त्या पिकांत शिरली. घटकाभरांत दोन्ही बैल धापा टाकूं लागले, तोंडास फेस आला, आणि दिवेलागणीच्या आंत दोघेही गतप्राण झाले. कोणी म्हणालें, पान लागलें. पण दंशाची खूण मिळेना. मग कोणास आठवलें, कीं सकाळींच शेजारची एक विधवा बाई त्या जोडीचें कौतुक करून गेली होती. झालें! तिला पाणवठा बंद झाला, आणि महिन्याभरांत ती गांव सोडून भावाकडे गेली. आम्हीं पारावर बसून हें सर्व ऐकलें आणि मौन धरलें.

खरें कारण त्या शेतांतच उभें होतें. कोवळ्या ज्वारींत धुरिन नांवाचें द्रव्य असतें. पानें चावलीं जातांच त्यांतून हायड्रोसायनिक आम्ल हें तीव्र विष सुटतें. मग रक्तांत प्राणवायु असूनही शरीरांतील पेशींस तो वापरतां येत नाहीं. पाण्यावांचून खुंटलेल्या ताटांत व कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांत हें विष अधिक. म्हणूनच तेंच शेत एका वर्षीं निर्धोक, तर दुसऱ्या वर्षीं घातकी. पीक फुलोऱ्यास आल्यावर भय पुष्कळ कमी होतें, आणि नीट वाळलेला कडबा तर गुरें नित्य खातात. वेळीं पशुवैद्य आल्यास सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेंतून टोंचून जनावर वांचवितां येतें.

नवल हें, कीं गांवांत हें कोणासच ठाऊक नव्हतें असें नाहीं. कोवळी ज्वारी बाधण्यास 'किराळ लागणें' म्हणतात. पुढें एक वृद्ध गुराखी आम्हांस म्हणाला, "मास्तर, ती करणी नव्हती, किराळ!"

"मग त्या दिवशीं बोललां कां नाहीं?"

"मला कोण इचारतंय?"

किराळ हा शब्द त्याच गांवचा आणि करणी हाही त्याच गांवचा. वेळेवर तोंडीं आला तो दुसरा.

महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला, हें योग्यच. परंतु कायदा पारावर येऊन बसत नाहीं. तेथें आपणच असतों. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास गांठ पडते, तो काकतालीय न्याय आम्ही वर्गांत मुलांस शिकवीत होतों. तो उच्चारण्याची खरी वेळ आली, तेव्हां मात्र आमची जीभ उचलली नाहीं.