पेटीतील रिकामी जागा आणि थर्माकोल

इटालियन मधमाशीच्या पेटीत दहा चौकटी बसतात. तूर, करडई आणि बियाण्याचा कांदा फुलत असतो तोवर या दहाही चौकटी माश्यांनी झाकलेल्या असतात. मार्चनंतर वाशिम, रिसोड, मंगरूळपीरच्या शिवारात फुलोरा ओसरतो, राणी अंडी कमी घालते आणि मे महिन्यात चार-पाच चौकटींपुरत्याच माश्या उरतात. घर तेवढेच, माणसे निम्मी.

कुरआनच्या १६व्या सूरहचे नावच ‘अन-नहल’, म्हणजे मधमाशी. डोंगरात, झाडांत आणि माणसाने उभारलेल्या मांडवात घर करण्याची प्रेरणा तिला दिल्याचा उल्लेख तिथे आहे. घर ती स्वतःच्या मापाने बांधते. आपण दिलेल्या पेटीचे माप मात्र आपले असते, आणि अडचण तिथेच सुरू होते. अंडी-अळ्यांचा भाग तिला ३४-३५ अंशांवर राखावा लागतो. त्यासाठी डिसेंबरच्या थंड रात्री ऊब धरायची, तर मेच्या दुपारी पाणी आणून पंखांनी वारा घालायचा. रिकामी जागा दोन्ही वेळा तिची मेहनत वाढवते. ज्या चौकटींवर माश्यांचा पहारा नाही, तिथे मेणकिडा शिरतो. मोकळ्या पोकळीत वेडीवाकडी पोळीही बांधली जातात.

म्हणून रिकाम्या चौकटी काढून घ्याव्यात, उरलेल्या चौकटींना लागून आडवी फळी (डमी बोर्ड) सरकवावी आणि फळीपलीकडची पोकळी भरून टाकावी. पंजाबात थंडीत तिथे भाताचा पेंढा भरतात. आपल्याकडे फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल फुकट मिळतो. त्यात हवा अडकलेली असल्याने उष्णता हळू जाते. कल्पना चांगली आहे, पण नुसता तुकडा आत ठेवू नये. माश्या तो कुरतडतात. दाराशी पांढरे दाणे पडलेले दिसले की समजावे. मुंग्या आणि मेणकिड्याच्या अळ्याही त्यात बिळे करतात. तेव्हा थर्माकोल पातळ प्लायच्या खोक्यात सगळीकडून बंद करूनच ठेवावा. घरच्या शहदात प्लास्टिकचा चुरा कोणाला हवा आहे? डब्यातून फवारून फुगणारा फोम तर वसाहतीच्या पेटीत वापरूच नये. ओला असताना त्याची वाफ घातक असते आणि घट्ट झाल्यावर तो निघत नाही.

मुख्य गैरसमज पुढेच आहे. थर्माकोल गारवा निर्माण करत नाही. तो फक्त उष्णतेची ये-जा मंदावतो. पारा ४० अंशांपुढे गेल्यावर बाजूच्या भरावापेक्षा पत्र्याच्या झाकणाखाली ठेवलेला थर अधिक कामाचा. त्याहूनही आधी झाडाची सावली आणि जवळच खडे टाकलेले पसरट भांडे, पाण्याने भरलेले. हवा खेळण्याच्या फटी आणि दार बुजवू नये.

एवढी काळजी का? राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत निम्मे अनुदान मिळते, उरलेले पैसे घरचेच असतात. वसाहत मेली किंवा उडून गेली तर हाती लाकडी पेटी उरते आणि तुरीच्या फुलोऱ्याला माश्या नसतात. सातेरी जात तर त्रास झाला की लवकर घर सोडते.

पावसाळ्यानंतर माश्या शेवटच्या चौकटीची बाहेरची बाजू झाकू लागल्या की भराव काढावा, फळी सरकवावी आणि एकच चौकट वाढवावी. आठवड्याने पुन्हा पाहावे.