पेटीतील घर आणि छपरावरील सूर्य

मालवाहू पोलादी पेटी, अर्थात कंटेनर, मालासाठी घडविलेली आहे. मनुष्याच्या निवासासाठी नव्हे. सौरविजेवर चालणाऱ्या सुवाह्य घराचा विचार करताना हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे.

20 फुटी पेटीचे छप्पर सुमारे 14.8 चौरस मीटर भरते. त्यातील 12 चौरस मीटरांवर 20 टक्के कार्यक्षमतेचे सौरपट्ट बसविल्यास प्रखर उन्हात, म्हणजे दर चौरस मीटरास 1000 वॅट धरून, 2.4 किलोवॅट शक्ती मिळते. संचायक घट जोडल्यास दिवे, पंखा व लहानसे शीतकपाट यांस ती पुरून उरावी. खरी अडचण विजेची नसून उष्णतेची आहे. पेटीची भिंत जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. तिचा उष्णतारोध नगण्यच. निरोधक थर आतून द्यावा, तर 2.35 मीटरांची रुंदी आणखी आकसते. बाहेरून द्यावा, तर पेटी प्रमाणित मापाची राहत नाही आणि सुवाह्यताच गमावते. सौरपट्ट छपरापासून वीतभर उंच बसविल्यास मात्र विजेबरोबर छायाही लाभते, व मधून वारा खेळतो. घर हलविताना ते उतरवावे लागतात, हा त्रास पत्करण्याजोगा आहे.

अरुंदपणावर एक उपाय जपानमध्ये आढळतो. 2011 च्या त्सुनामीनंतर ओनागावा येथे वास्तुशिल्पी शिगेरू बान यांनी तीन मजली वसती उभारताना पेट्या बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक रचल्या आणि मधल्या रिकाम्या जागेतच बैठकीची खोली केली.