टॅबलेटची काच आणि चित्रकाराचे मनगट

ॲनिमेशन, ग्राफिक डिझाइन किंवा उपयोजित कला शिकणाऱ्या मुलांसाठी टॅबलेट ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ती त्यांची वही-पेन्सिलच झाली आहे. घरात टॅबलेट घ्यायचा ठरला की चर्चा होते ती पडद्याचा आकार, मेमरी, बॅटरी आणि किंमत यांची. पेनाचे टोक रोज सहा-आठ तास ज्यावर फिरणार, तो पृष्ठभाग मात्र सगळ्यात शेवटी आठवतो. दुकानदार विचारतो, ‘स्क्रीनगार्ड कोणते लावू?’ आणि आपण म्हणतो, ‘लावा कोणतेही चांगले.’

या प्रश्नाचे उत्तर जरा विचार करून द्यायला हवे. मनगट दुखते, बोटांना मुंग्या येतात अशा तक्रारी घेऊन बाह्यरुग्ण विभागात शिवणकाम करणारे, कारकुनी करणारे नेहमीच येत आले आहेत. आता त्यांच्या रांगेत टॅबलेटवर तासन्‌तास चित्रे काढणारी विशी-पंचविशीतली मुलेमुलीही दिसतात. या दुखण्याला पडद्याचा पृष्ठभाग हे एकमेव कारण नसते. कामाचे तास, बसण्याची पद्धत आणि विश्रांतीचा अभाव यांचा वाटा मोठा असतो. पण पृष्ठभाग हा थोड्या खर्चात बदलता येणारा घटक आहे, म्हणून त्याची माहिती असावी.

घर्षण म्हणजे हाताचा ब्रेक

एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना कागदाचा दाणा म्हणजे काय ते सांगायला नको. कागदाच्या तंतूंवर पेन्सिल किंचित अडखळत जाते. हे अडखळणे म्हणजे घर्षण, आणि घर्षण हाताला मदत करते. रेष जिथे थांबवायची तिथे थांबवण्याचे निम्मे काम कागदच करतो.

गुळगुळीत काचेवर प्लास्टिकच्या टोकाचे पेन फिरवताना हा ब्रेक जवळजवळ नाहीसा होतो. मग थांबवण्याचे काम स्नायूंवर येते. एकाच सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू, म्हणजे पुढे ढकलणारे आणि मागे खेचणारे, एकाच वेळी आवळले जातात. रेष सरळ येते, पण हात सतत ताठ राहतो. स्नायू असे आवळलेले राहिले की त्यांतला रक्तपुरवठा मंदावतो, थकवा लवकर येतो आणि स्नायुबंधांवर ताण पडतो.

पकड आणि घर्षण यांचे नाते जुन्या प्रयोगांतून चांगले समजले आहे. स्वीडनमधील रोलंड योहानसन आणि योरान वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये सँडपेपर, मऊ चामडे आणि रेशीम अशी वेगवेगळी आवरणे असलेली वस्तू लोकांना चिमटीत उचलायला दिली. पृष्ठभाग जितका निसरडा, तितकी पकड आपोआप घट्ट होत गेली. उचलणाऱ्याला त्यासाठी विचार करावा लागत नव्हता. बोटांच्या त्वचेतील संवेदना हे काम परस्पर करत होत्या. पेनाचा दांडा घामाने निसरडा झाला की आपली पकड घट्ट होते, ती याच कारणाने.

पेनाचे टोक ज्यावर टेकते त्या पृष्ठभागाचाही अभ्यास झाला आहे. अलामार्गो आणि मोरिन या संशोधकांनी २०१५ मध्ये दुसरीच्या आणि नववीच्या मुलांचे कागदावरचे आणि टॅबलेटवरचे लेखन तपासले. काचेवर लिहिताना लहान मुले मधेमधे जास्त थबकत होती, तर मोठी मुले पेन अधिक दाबून आणि अधिक वेगाने चालवत होती. हा अभ्यास लेखनाचा आहे, चित्रकलेचा नाही. पण निसरड्या काचेवर हात आपली पद्धत बदलतो, एवढे त्यातून कळते.

मग सगळ्यांनीच मॅट फिल्म लावावी?

बाजारात ‘कागदासारखा अनुभव’ देणाऱ्या खरखरीत मॅट फिल्म मिळतात. सौम्य दाण्याची फिल्म अनेकांना उपयोगी पडते. पण ‘जितकी खरखरीत तितकी चांगली’ हा समज चुकीचा आहे. फार खरखरीत पृष्ठभागावर पेन ओढायलाच जास्त जोर लागतो. लांब रेषा, मोठ्या भागातले रंगकाम असे काम असेल तर दिवसाअखेरीस मनगट आणि कोपर दोन्ही भरून येतात.

दुसरी गोष्ट, खरखरीत फिल्म पेनाची निब झपाट्याने झिजवते. झिजून तिरकी झालेली निब एका बाजूने घसरते, एका बाजूने अडते, आणि हात पुन्हा तिला सांभाळू लागतो. फिल्मही झिजते, पडद्याचा मधला, जास्त वापरातला भाग आधी गुळगुळीत होतो. त्यामुळे निब आणि फिल्म या दोन्ही वेळोवेळी बदलायच्या वस्तू आहेत, हे खरेदीच्या वेळीच हिशेबात धरावे. तिसरी गोष्ट जाडीची. जाड काचेचे स्क्रीनगार्ड लावले की पेनाचे टोक आणि खाली उमटणारी रेष यांत अंतर दिसू लागते. ते भरून काढायला आपण नकळत मान पुढे काढून पडद्यावर वाकतो.

डोळ्यांचा हिशेब

साध्या काचेच्या पृष्ठभागावरून त्यावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हा आकडा लहान वाटतो. पण डोक्यावर ट्यूबलाइट असेल किंवा पाठीमागे खिडकी असेल, तर तिचे प्रतिबिंब चित्राच्या गडद भागावर स्पष्ट दिसते. ते टाळायला चित्र काढणारा मान वाकडी करून बसतो.

यावर दोन वेगळे उपाय आहेत आणि त्यांची गल्लत होते. परावर्तनरोधक लेप परत फिरणारा प्रकाशच कमी करतो. मॅट पृष्ठभाग तो प्रकाश चहूबाजूंना पसरवतो. ट्यूबलाइटचा आकार दिसेनासा होतो, पण उजेड फार असेल तर संपूर्ण पडद्यावर पांढुरकी झाक येते आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो. शिवाय मॅट दाण्यांमधून पडद्याचे सूक्ष्म ठिपके पाहताना पांढऱ्या भागावर रंगीत चमचम दिसू शकते. बारीक काम करणाऱ्याच्या डोळ्यांना ती त्रासदायक होते.

काही यंत्रांत काच कारखान्यातच सूक्ष्म खडबडीत करून येते. वॅकॉमच्या काही पेन-डिस्प्लेमध्ये अशी काच असते. ॲपलने २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये जास्त मेमरीच्या प्रकारांना ‘नॅनो-टेक्स्चर’ काचेचा पर्याय दिला. वेगळी फिल्म नसल्याने जाडी वाढत नाही. मात्र असा पृष्ठभाग आवडला नाही तर सोलून काढता येत नाही. नवशिक्याने साधी काच घेऊन त्यावर काढता-लावता येणारी फिल्म वापरून पाहणे जास्त शहाणपणाचे.

दुकानात दहा मिनिटे द्या

निवड जाहिरातीवरून करू नका, आपल्या हातावरून करा. मांडून ठेवलेल्या टॅबलेटवर किंवा मित्राच्या टॅबलेटवर दहा मिनिटे सावकाश वर्तुळे, लांब सरळ रेषा आणि जवळजवळच्या तिरक्या रेषा काढून पाहा. मग रेषेकडे न पाहता बोटांकडे पाहा. पेन धरलेल्या तर्जनीचे नख पांढरे पडते का? तिचे टोकाचे पेर मागे वाकते का? खांदा वर उचलला जातो का? यातले काही होत असेल, तर तो पृष्ठभाग तुमच्या हाताला फार निसरडा किंवा फार खरखरीत आहे. पडदा बंद करून त्यात दिव्याचे प्रतिबिंब किती ठळक दिसते तेही पाहा. नंतर कोरे पांढरे पान उघडून चमचम जाणवते का, हे तपासा.

ढोबळमानाने सांगायचे तर रेखाटन, अक्षरलेखन, व्यंगचित्रे यांसाठी सौम्य मॅट पृष्ठभाग सोयीचा. रंगांच्या बारीक छटा किंवा छायाचित्रांवर काम असेल, तर साधी किंवा परावर्तनरोधक लेपाची काच बरी. तिथे दिव्याची जागा बदलून प्रतिबिंब टाळावे.

काही उपाय बिनखर्चाचे आहेत. पेनाच्या दाबाचे सेटिंग हलके करा, म्हणजे जाड रेषेसाठी जोर लावावा लागणार नाही. रेष स्थिर करणारी सोय बहुतेक चित्रकलेच्या ॲपमध्ये असते. काचेवर ती जरूर वापरा. दांडा बारीक असेल तर त्यावर मऊ रबरी पकड चढवा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तळहात काचेला चिकटतो; करंगळी आणि अनामिका झाकणारा दोन बोटांचा मोजा त्यावर चांगला उपाय आहे. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवरचे काहीतरी पाहावे आणि त्याच वेळी पेन खाली ठेवून बोटे मोकळी करावीत.

दुखणे अंगावर काढू नका

अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, तर तिथल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज असू शकते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. फक्त चित्र काढतानाच बोटे वाकडी होत असतील, एरवी हात ठीक असेल, तर त्याचीही तपासणी हवी. ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा हातातून वस्तू पडू लागल्या, तर वेदनाशामक गोळ्यांवर दिवस न ढकलता डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीला विश्रांती, पट्टा आणि व्यायाम यांनी बहुतेक रुग्णांना आराम पडतो. नस दीर्घकाळ दाबली गेली तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू झिजतो आणि तो पूर्ववत होईलच असे नाही.

टॅबलेट तीन-चार वर्षांनी बदलता येतो, फिल्म त्याहून लवकर. ज्या हाताच्या जोरावर पुढची तीस वर्षे कमवायचे आहे, तो मात्र एकच असतो. म्हणून पुढच्या वेळी दुकानदाराने ‘कोणते लावू?’ विचारले, तर ‘आधी चित्र काढून पाहतो’ असे निःसंकोच सांगा.