मासा वाढतो, टाकी वाढत नाही

माशांच्या दुकानात मुलं हमखास ज्याच्या प्रेमात पडतात, तो ऑस्कर. काळसर अंगावर नारिंगी नक्षी, काचेवर बोट फिरवलं की बोटामागे येणारी स्वारी आणि लांबी जेमतेम दोन इंच! दुकानदार त्याच्यासोबत दोन फुटी टाकी देतो आणि वर दिलासाही देतो, ‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो, साहेब!’

बरीच वर्षं मासे पाळत आल्याने हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. ते खरं नाही. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा वर्षभरात नऊ-दहा इंचांचा आणि पुढे फूटभर होतो. लहान टाकीत त्याची वाढ खुंटलीच, तर ती खराब पाण्यामुळे. तो समजूतदारपणा नव्हे, आजार असतो.

म्हणून कुणी सल्ला विचारला, की मी आधी मोजपट्टी काढतो. मासा मोठेपणी केवढा होणार, ते पाहून टाकी घ्यावी. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण माशाला सहज वळता आलं पाहिजे. एका ऑस्करला ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी हवी. तीत सुमारे २५० लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन २५० किलो! काच, स्टँड, वाळू वेगळीच. जागा ठरवताना हे विसरू नका.

आता फिल्टर. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करतात. मोठा मासा खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. त्याला बुडबुड्यांवर चालणारा छोटा स्पंज पुरत नाही. तासाला हजार-बाराशे लिटर पाणी फिरवणारा कॅनिस्टर फिल्टर घ्या, किंवा टाकीखाली गाळणीची दुसरी टाकी ठेवा. तिचं नाव ‘सम्प’ असलं, तरी ती काम कधी बंद करत नाही! जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. स्पंज नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो खळबळा. नायट्रेट मात्र पाणी बदलूनच जातं, म्हणून दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असू द्या.

एवढं जमणार नसेल, तर? टाकीत न मावणारे मासे लोक तळ्यात सोडतात आणि त्याला पुण्य समजतात. अशाच सोडलेल्या ‘सकर’ माशांनी देशातल्या कितीतरी जलाशयांत ठाण मांडलं आहे. दोन फुटांचीच जागा असेल, तर गप्पी आणा. मुलं त्यांच्यावरही तेवढाच जीव लावतील आणि गप्पींना त्या टाकीत सुखाने जगता येईल.