घोड्यांची खाणावळ आणि शाळा

मंडळी, घोडा म्हटला की आपल्या नजरेपुढे आधी स्वार उभा राहतो. पण शिवकालातल्या पागेची व्यवस्था पाहिली तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पखालजी म्हणजे पाणी पुरवणारा आणि नालबंद म्हणजे खुरांची निगा राखून नाल ठोकणारा. स्वार कितीही शूर असला, तरी घोडा तहानला किंवा लंगडला की मोहीम तिथेच अडली! आज ज्या धंद्याविषयी आपण बोलणार आहोत, त्याचं सारं मर्म या दोन माणसांत आहे.

धंदा असा: आपल्या जागेत चार-पाच घोडे ठेवायचे. काही आपले, काही दुसऱ्यांचे. दुसऱ्याचा घोडा महिन्याच्या ठरावीक रकमेवर सांभाळायचा, ही झाली घोड्यांची खाणावळ. कोवळ्या घोड्याला लगाम-खोगिराची सवय लावायची, ही झाली घोड्यांची शाळा.

समजा, पनवेल तालुक्यातल्या बेलपाड्याच्या एखाद्या गृहस्थाच्या मनात हा विचार आला. खारघरच्या डोंगराजवळचं हे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई उभी राहिली, आणि आता गावाभोवती इमारतींची दाटी झाली आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेलची महानगरपालिका झाली, तेव्हापासून हा भाग तिच्या हद्दीत आहे. तेव्हा पहिला प्रश्न घोड्याचा नाही, जागेचा आहे. लिदीचा वास आणि माशा शेजाऱ्याने का सोसाव्यात? परवानगी कोणाकडून घ्यायची, हे आधी पाहावं. गावात जागा नसेल तर तालुक्याच्या मोकळ्या भागात ती शोधावी. घोडा आणून मग जागा पाहणं म्हणजे वरातीमागून घोडं!

आता गिऱ्हाईक कुठून येणार? घोड्याची जुनी कामं घटत चालली आहेत, हे खरं. मुंबईच्या रस्त्यांवरच्या हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. शेजारच्या माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तिथे घोड्याला मान. पण तिथेही डिसेंबर २०२२ मध्ये चाचणी म्हणून ई-रिक्षा सुरू झाल्या आणि घोडेवाल्यांना पोटाची काळजी लागली. दुसऱ्या बाजूला वरातीला घोडा लागतो, शहरातल्या मुलांना रपेट शिकायची असते, आणि कित्येकजण हौसेने घोडा घेतात पण तो बांधायला त्यांना जागा नसते. ज्याला घोडा कळतो, त्याला इथे काम आहे. मात्र हे काम विश्वासाचं आहे. सहलीचं गिऱ्हाईक रोज नवं असतं. खाणावळीचा मालक मात्र दर रविवारी येऊन आपल्या घोड्याच्या बरगड्या मोजून जातो!

तेव्हा आधी खाण्याचा हिशेब. गुरुजी, हे गणित तुम्ही वर्गात घालू शकाल. घोड्याचं वजन काट्याशिवायही अंदाजाने काढता येतं. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. उत्तर किलोत येतं. घेर १६० आणि लांबी १५० असेल, तर वजन सुमारे ३२३ किलो भरेल.

वजनाच्या शेकडा दोन भाग कोरडं खाणं हा रोजचा ढोबळ हिशेब. म्हणजे या घोड्याला सुमारे साडेसहा किलो. त्यात निदान पाच किलो वाळलेला चारा हवा. बाकीचं जव, हरभरा, कोंडा असं कामाच्या मानाने द्यावं. पाच घोड्यांना रोज पंचवीस किलो चारा, आणि पावसाळ्याचे १२० दिवस धरले तर तीन हजार किलो. एवढं सुकं गवत मृगापूर्वी कोरड्या जागी रचून ठेवता येईल का? नसेल तर पाचाऐवजी दोनच घोडे ठेवा. आणखी एक ध्यानात घ्या: घोडा रविवारी कमावतो आणि सातही दिवस खातो. सांभाळण्याचा दर ठरवताना कामाचे दिवस मोजू नका, खाण्याचे मोजा.

आपल्याकडे भात पिकतो, पेंढा फुकट, म्हणून नुसत्या पेंढ्यावर घोडा ठेवू नये. त्यात पोषण कमी, आणि त्याने पोट बांधण्याची भीती. बुरसटलेला चारा तर मुळीच नको. म्हशीला चालतं ते घोड्याला चालेल, हा समज जीवघेणा आहे. म्हशीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात शंभर लिटरांहून अधिक मावतं. घोड्याचं जठर आठ ते पंधरा लिटरांचं, आणि त्याला ओकताही येत नाही. म्हणून थोडं थोडं, पुष्कळ वेळा, ही त्याची रीत. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. कोंबड्यांच्या किंवा गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. ते घोड्याला प्राणघातक आहे. तोबऱ्यात काय पडतं, ते स्वतः पाहा.

पाणी एका घोड्याला दिवसाला वीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. पाच घोड्यांना दोनशे लिटर धरून चाला. वैशाखात तुमची विहीर एवढं देईल का? हा पखालजीचा प्रश्न झाला.

आता नालबंदाकडे वळू. कोकणात घोड्याचा मोठा वैरी म्हणजे ओल. खुराच्या तळाशी पाचरीसारखा एक मऊ भाग असतो. चिखलात आणि मुतात पाय राहिला की तो कुजतो, काळा पडतो, घाण येते. उपाय साधा आहे. जमिनीला उतार द्या, अंथरूण कोरडं ठेवा, आणि चारही खूर रोज उचलून आकडीने साफ करा. खूर नखासारखा वाढतच असतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी तो कापून नीट करावा लागतो, घोडा कामावर असो वा नसो. नालबंद दुर्मीळ होत चालले आहेत. म्हणून घोडा घेण्याआधी नालबंद गाठा आणि त्याच्या फेऱ्या ठरवून घ्या. प्रत्येक घोड्याला दहा ते बारा फूट लांब-रुंद, वारा खेळता ठाण द्यावं. लिदीचं ओझं मानू नका. पाच घोड्यांची रोज पाऊणशे किलो लीद निघते. खड्ड्यात कुजवली की भाजीवाला आणि भातवाला दोघेही ती मागायला येतील.

तब्येत कळायची कशी? निरोगी घोड्याचा ताप ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट, नाडी विसावा असताना मिनिटाला २८ ते ४४. जबड्याखाली बोटं ठेवली की नाडी लागते. घोडा वारंवार कुशीकडे बघू लागला, पायाने जमीन उकरू लागला, लोळू लागला, तर पोटशूळ समजावा. चारा काढून घ्यावा आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवावं. झाडपाल्याचे प्रयोग करत बसू नये. धनुर्वाताची लस चुकवू नये. मोठ्या चावऱ्या माशांमधून सर्रा नावाचा रक्ताचा रोग पसरतो. घोडा तापून उतरतो, पुन्हा तापतो आणि वाळत जातो.

सर्वांत जपायचं ते ग्लँडर्स या रोगाला. नाकातून घाण वाहते, अंगावर गाठी येऊन फुटतात, आणि तो माणसालाही होतो. त्याला लस नाही. २००९ च्या कायद्याप्रमाणे संशय येताच सरकारी पशुवैद्यांना कळवावंच लागतं. रोग ठरला तर जनावर मारावं लागतं. म्हणून बाहेरून आलेला घोडा, मग तो कितीही मोठ्या माणसाचा असो, रक्त तपासून घ्यावा आणि निदान तीन आठवडे निराळा बांधावा. त्याची बादली निराळी, खरारा निराळा. मालक रुसला तर रुसू द्या. एका घोड्याच्या भिडेपायी सगळी पागा गमावू नका.

आता शाळेकडे येऊ. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावं. मागून गेलात तर लाथ मिळेल, आणि दोष तुमचाच असेल. शिंगराला लहानपणापासून हात लावून घ्यायची आणि पाय उचलू द्यायची सवय लावावी. पण तीन वर्षं पुरी होण्याआधी पाठीवर माणूस बसवू नये, कारण हाडं अजून कोवळी असतात. आधी दोरीने चालवणं, मग लांब दोर धरून गोल फिरवणं, मग रिकामं खोगीर आणि शेवटी स्वार. रोजचा पाठ वीस-पंचवीस मिनिटांचा पुरे.

शिकवण्याची किल्ली एकच आहे. दोरी ताणली की घोडा विचारतो, "काय करू?" त्याने योग्य पाऊल टाकताक्षणी दोरी सैल सोडावी. ती ढील हेच त्याचं बक्षीस. ढील उशिरा दिली तर चुकीचा धडा पाठ होतो. मारलंत तर तो भीती शिकतो, काम शिकत नाही. गुरुजी, हे तुम्हाला मी निराळं सांगायला नको. आणि शिकवून झालं तरी रोज फिरवायला हवाच. पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला, या तिन्हींचं उत्तर आपल्या आजीने सांगून ठेवलंय: न फिरवल्यामुळे!

शेवटी कागदाची गोष्ट. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या घोडेबाजारात अंगावरचे भोवरे पाहून शुभ-अशुभ ठरवतात आणि त्यावर किंमत चढते-उतरते. भोवऱ्याने नशीब कळत नाही, पण घोडा ओळखता मात्र येतो. म्हणून दुसऱ्याचा घोडा घेताना रंग, टिळा, पायाचे पांढरे मोजे आणि भोवऱ्यांच्या जागा लिहून ठेवा. दर किती, डॉक्टरांचा आणि नालाचा खर्च कोणाचा, रात्री घोडा आजारी पडला आणि मालक भेटला नाही तर निर्णय कोणी घ्यायचा, पैसे थकले तर काय, हे सारं आधीच लिहून दोघांनी सह्या कराव्यात. भिंतीवर एक वही टांगा. खाणं, पाणी, लीद, खूर, ताप, रोज पाच रकाने भरा. मालक रविवारी येईल तेव्हा ती वहीच तुमची साक्ष.

मंडळी, रुबाबासाठी या धंद्यात कोणी पडू नये. पहाटे पाच वाजता, भर पावसात, दुसऱ्याच्या घोड्याचा चिखलाने भरलेला पाय गुडघ्यावर घेऊन साफ करायची तयारी आहे का? ती असेल तर दोन घोड्यांनी सुरुवात करा, आणि एक पावसाळा निभला तर तिसरा आणा. ज्याने पखालजीचं आणि नालबंदाचं काम स्वतःच्या हाताने केलं, त्याच्या दारी स्वार आपल्या पायाने येतील.