हवाई औषधफवारणी : नियम व गावाची जबाबदारी

वेदगंगा व दूधगंगा या नद्यांच्या काठचा ऊस पुरुषभर उंच झाला, की पाठीवर पंप घेऊन आत शिरणे जिकिरीचे होते. त्यामुळे ड्रोनद्वारे औषधफवारणी निपाणी परिसरातील शेतकऱ्यांना सोयीची ठरते. तथापि, ज्या उंच पिकामुळे ड्रोनची गरज भासते, तेच पीक आतील माणसाला व जनावराला चालकाच्या दृष्टीआड करते. म्हणून या कामातील सुरक्षितता एकट्या चालकावर सोपवून भागणार नाही.

पाठीवरील पंपाने फवारताना एकरी सुमारे २०० लिटर पाणी लागते. ड्रोनला सुमारे १० लिटर पुरते. साहजिकच द्रावण कितीतरी पटीने तीव्र असते व त्याचे थेंब बारीक असतात. वारा असल्यास ते बांध ओलांडून शेजारच्या शेतावर, विहिरीवर वा गोठ्यावर पडतात. उसातील रुंद पानांच्या तणांसाठी वापरले जाणारे टू-फोर-डी हे तणनाशक उसाला सोसते. परंतु शेजारच्या तंबाखूवर त्याचा थोडा शिडकावा झाला तरी पाने वेडीवाकडी होतात व हंगाम हातचा जातो.

हा धोका ओळखूनच कीटकनाशके नियम, १९७१ मधील ४३ व्या नियमात हवाई फवारणीविषयी स्पष्ट तरतूद करण्यात आली. फवारणीचे क्षेत्र आखून घ्यावे. मान्यताप्राप्त औषधच ठरलेल्या प्रमाणात व उंचीवरून वापरावे. अंग धुण्याची व प्रथमोपचाराची सोय ठेवावी. किमान २४ तास अगोदर जनतेस सूचना द्यावी. आणि ठरावीक काळ त्या क्षेत्रात माणसे व जनावरे जाऊ देऊ नयेत, असे हा नियम सांगतो.

अशा दक्षतेचे मोल केरळातील कासरगोड जिल्ह्याने दाखवून दिले. तेथील काजूच्या बागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारण्यात आले. बागांना लागूनच वस्त्या, विहिरी व ओढे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या औषधावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पैशाने गेलेले आरोग्य परत येत नाही.

ड्रोनच्या उड्डाणास ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. हे नियम केंद्राचे असल्याने निपाणीच्या शेतात व सीमेपलीकडील कागलच्या शेतात ते सारखेच आहेत. फवारणीच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक व विमा, तर चालकाला अधिकृत संस्थेत प्रशिक्षण घेऊन मिळालेले प्रमाणपत्र आवश्यक असते. हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. त्याहून जवळ परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. सांबरा विमानतळालगतच्या शेतकऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालकांना कळविणे चालकास बंधनकारक आहे.

कागदपत्रे पुरी असली तरी उसात कोण आहे, हे चालकाला कागद सांगत नाही. ते गावालाच ठाऊक असते. यास्तव ग्रामपंचायतीने आदल्या दिवशी दवंडी द्यावी व गट क्रमांक, वेळ आणि औषधाचे नाव फलकावर लिहावे. शेत सीमेलगत असल्यास पलीकडील गावासही कळवावे. शिक्षकांनी शाळेत ही सूचना वाचून दाखवावी, कारण शेतातून जाणारी पायवाट मुलांच्या नित्याची असते. कृषी अधिकाऱ्यांनी औषधास मान्यता असल्याची खात्री करावी. शेतमालकाने विजेच्या तारा व विहिरी चालकास समक्ष दाखवाव्यात, तसेच भांगलणीच्या मजुरांना व वैरण आणणाऱ्यांना शेताबाहेर काढूनच उड्डाणास संमती द्यावी. वारा वाढल्यास काम तत्काळ थांबवावे. विषबाधेची शंका येताच औषधाचे वेष्टन सोबत घेऊन रुग्णास दवाखान्यात न्यावे. त्यावरून डॉक्टरांना योग्य उपचार ठरविता येतात.

फवारणी एक दिवस लांबली तर पिकाचे फारसे बिघडत नाही. सूचना न देता केलेली फवारणी मात्र एखाद्या घराचे कायमचे नुकसान करू शकते.